काजू, तूर आणि गोळी : दक्षिणेकडच्या देशांच्या आपसातल्या व्यापारातून विकास कुणाचा होतो?

आजच्या विषयाचं नाव जरा जड आहे: 'विकसनशील देशांमधले वाढते आर्थिक संबंध आणि त्यांचे विकासावर होणारे परिणाम'. पण सुरुवात आपण वरणापासून करू.

आपल्या घरात जी तुरीची डाळ शिजते, तिच्यातली सगळी तूर लातूर, अकोला किंवा कलबुर्गीचीच असते असं आपण धरून चालतो. तसं नाही. दरवर्षी काही लाख टन तूर म्यानमार, टांझानिया, मलावी आणि मुख्य म्हणजे मोझांबिक या देशांतून येते. मोझांबिकच्या उत्तर भागातला एखादा शेतकरी एक-दोन एकरांत मक्याबरोबर तूर लावतो, ती नकाला नावाच्या बंदरातून निघते, मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदरात उतरते, दाल मिलमध्ये भरडली जाते आणि आपल्या ताटात येते. या सगळ्या प्रवासात युरोप-अमेरिका कुठेच नाही. एक विकसनशील देश पिकवतो, दुसरा विकत घेतो. अर्थशास्त्रात याला 'दक्षिण-दक्षिण व्यापार' म्हणतात.

दक्षिण हा शब्द इथे नकाशावरचा नाही, हे लक्षात ठेवू. ऑस्ट्रेलिया दक्षिणेला आहे, पण तो या 'दक्षिणे'त येत नाही. भारताचा सगळा भूभाग विषुववृत्ताच्या उत्तरेला आहे, तरी भारत 'दक्षिणे'त मोडतो. दक्षिण म्हणजे वसाहतवादाखाली राहिलेले, उशिरा औद्योगिक झालेले किंवा अजून व्हायचे असलेले देश.

आज आपण एकच देश नीट बघणार आहोत, मोझांबिक. कारण काजू, तूर, औषध, कोळसा, पूल या सगळ्या गोष्टींत तिथे भारत, चीन आणि ब्राझील हे तिन्ही 'दक्षिणे'तले मोठे भाऊ एकाच वेळी दिसतात. आणि आपला प्रश्न साधा आहे: गरीब देशांनी आपसात व्यवहार केला की तो आपोआप न्याय्य होतो का?

बांडुंग ते आज

आधी थोडी पार्श्वभूमी. १९५५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातल्या बांडुंग शहरात आशिया आणि आफ्रिकेतले २९ देश एकत्र आले. नेहरू, सुकार्णो, नासर, चौ एन-लाय अशी मंडळी तिथे होती. भाषणं राजकारणाची होती, पण त्यांच्या मागे एक आर्थिक दुखणं होतं. राजकीय स्वातंत्र्य मिळालं किंवा मिळणार होतं, पण व्यापार जुन्याच वाटेने चालला होता. आफ्रिकेतून कच्चा माल युरोपात जायचा आणि युरोपातून पक्का माल आफ्रिकेत यायचा.

या दुखण्याला अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राऊल प्रेबिश यांनी १९५० च्या सुमाराला सिद्धान्ताचं रूप दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. कच्च्या मालाचे भाव कारखान्यातल्या मालाच्या तुलनेत काळाच्या ओघात घसरत जातात. म्हणजे एक ट्रॅक्टर विकत घ्यायला आज जर शंभर पोती कॉफी लागत असेल, तर वीस वर्षांनी दीडशे पोती लागतील. शेतकऱ्याने कितीही मेहनत केली तरी तो मागेच पडणार. आपल्याकडे शरद जोशींनी 'भारत' आणि 'इंडिया' या शब्दांत देशातल्या देशात जी दरी दाखवली, तशीच दरी प्रेबिश देशादेशांमध्ये बघत होते.

१९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद, म्हणजे अंक्टाड, सुरू झाली. प्रेबिश तिचे पहिले महासचिव. त्याच वेळी ७७ विकसनशील देशांनी आपला गट केला. त्याला आजही 'जी-७७' म्हणतात, सदस्य मात्र १३० च्या वर गेलेत. १९७८ मध्ये ब्युनॉस आयर्समध्ये या देशांनी आपसात तांत्रिक सहकार्य करण्याचा कृती आराखडा मंजूर केला. कागदावर सगळं होतं. व्यवहारात फार काही घडत नव्हतं, कारण एकमेकांना विकण्यासारखं आणि एकमेकांना कर्ज देण्याइतकं या देशांकडे नव्हतं.

चित्र बदललं ते गेल्या तीसेक वर्षांत. चीन जगाचा कारखाना झाला, भारत वाढला, ब्राझील वाढला. २००९ मध्ये चीनने अमेरिकेला मागे टाकलं आणि तो आफ्रिकेचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार झाला. आज जगाच्या एकूण व्यापारातला साधारण एक चतुर्थांश व्यापार विकसनशील देशांच्या आपसात होतो. म्हणजे बांडुंगचं स्वप्न आकड्यांत तरी खरं झालं. आता आकड्यांच्या आत शिरू.

काजू : एकच गिऱ्हाईक असलं की काय होतं

काजूचं झाड मूळचं ब्राझीलचं. पोर्तुगीजांनी ते गोव्यात आणलं आणि मोझांबिकमध्येही नेलं. या दोन ठिकाणांचं नातं तसं जुनं आहे. १७५२ पर्यंत पोर्तुगीज मोझांबिकचा कारभार गोव्याहून चालायचा. तर गोवा-कोकणात जसा काजू रुजला, तसा तिकडच्या किनाऱ्यावरही रुजला.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक जगातल्या सर्वांत मोठ्या काजू उत्पादकांपैकी एक होता. दोन लाख टनांच्या पुढे काजू बी निघायची. तिथे काजू फोडण्याचे कारखानेही होते. १९७५ मध्ये देश स्वतंत्र झाला, सरकारने कच्ची बी बाहेर पाठवायला बंदी घातली. उद्देश असा की गर इथेच काढायचा, रोजगार इथेच ठेवायचा. पण १९७७ पासून यादवी सुरू झाली, ती १९९२ पर्यंत चालली. झाडं म्हातारी झाली, रस्ते उद्ध्वस्त झाले, कारखाने खिळखिळे झाले.

युद्ध संपल्यावर कर्जाची गरज होती. जागतिक बँकेने अट घातली की कच्च्या काजूवरचा निर्यात कर कमी करत न्या. बँकेचा युक्तिवाद सरळ होता. कारखाने अकार्यक्षम आहेत, त्यांना वाचवण्यासाठी शेतकऱ्याला भाव कमी मिळतोय. निर्यात खुली करा, भारतातले कारखानदार चांगला भाव देतील, शेतकऱ्याचं भलं होईल. ऐकायला पटतं ना? शेतकऱ्याच्या बाजूचंच बोलणं आहे.

झालं काय? कच्ची बी भारतात येऊ लागली. मोझांबिकचे कारखाने, जे सरकारने नुकतेच खाजगी मालकांना विकले होते, ते एकामागून एक बंद पडले. सुमारे दहा हजार कामगार होते, त्यांतल्या बहुतेकांचं काम गेलं. आणि शेतकऱ्याचं? मार्गारेट मॅकमिलन, डॅनी रॉड्रिक आणि कॅरन हॉर्न वेल्श या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये याचा हिशोब मांडला. काजू पिकवणाऱ्या एका घराला या सुधारणेतून वर्षाला सरासरी पाच-सव्वापाच डॉलरच्या वर काही मिळालं नसावं, असा त्यांचा अंदाज निघाला. वर्षाला, बरं का. महिन्याला नाही.

पैसा गेला कुठे? काही मधल्या व्यापाऱ्यांकडे गेला. आणि महत्त्वाचं म्हणजे, त्या काळात कच्ची काजू बी घेणारा जगात मोठा ग्राहक एकच होता, तो म्हणजे भारत. स्थानिक कारखाना बंद पडला, की शेतकऱ्यापुढचं एक गिऱ्हाईक कमी झालं. बाजारात एकच गिऱ्हाईक उरलं की भाव ते ठरवतं. हे आपल्या कुठल्याही आठवडी बाजारात बसणाऱ्या बाईला सांगायची गरज नाही.

आता हे नीट बघा. इथे भारत कुठेही दादागिरी करत नव्हता. केरळमधल्या कोल्लमच्या कारखान्यांत काजू फोडणाऱ्या बायकाही गरीबच होत्या. टरफलातल्या तेलाने हात भाजायचे त्यांचे. तरी व्यवहाराचा आकार तोच राहिला जो युरोपच्या काळात होता. कच्चा माल एकीकडून निघाला, मोल दुसरीकडे वाढलं. फक्त 'दुसरीकडे' म्हणजे लिस्बन नव्हतं, कोल्लम होतं.

पुढची गोष्ट थोडी आशेची आहे. २००० च्या आसपास मोझांबिकने कच्च्या बीवरचा निर्यात कर पुन्हा १८ ते २२ टक्क्यांच्या घरात नेला. त्यानंतर तिथे नवे, लहान कारखाने उभे राहिले. आणि या कारखान्यांनी जुनी अवजड यंत्रं बाजूला ठेवून भारतात रूढ असलेली पद्धत घेतली: बी वाफवायची, हाताने फोडायची, गर सुकवून सोलायचा, मग प्रतवारी करायची. म्हणजे ज्या देशाच्या खरेदीने कारखाने बुडाले, त्याच देशाच्या कसबातून काही परत उभे राहिले. हा धागा आपण पुढे पकडणार आहोत.

जाता जाता, कोकणातल्या बागायतदाराची बाजूही सांगितली पाहिजे. तो म्हणतो, आफ्रिकेतून स्वस्त बी येते म्हणून आमच्या बीला भाव नाही. कारखानदार म्हणतो, इथली बी वर्षभर पुरत नाही, बाहेरची नसेल तर कारखाना चार महिने बंद ठेवावा लागेल. दोघंही खरं बोलतात. दोन विकसनशील देशांचा व्यापार म्हणजे दोन देशांच्या शेतकऱ्यांचं भलं, असं समीकरण नसतं, हे इथे दिसतं.

तूर : नियम कोण बदलतं?

आता तुरीकडे येऊ. ही गोष्ट आपल्यातल्या अनेकांनी स्वतः अनुभवली आहे.

दोन वर्षं लागोपाठ पाऊस कमी झाला आणि २०१५-१६ मध्ये देशात तुरीचं उत्पादन जेमतेम २५ लाख टन झालं. किरकोळ बाजारात डाळ २०० रुपये किलोवर गेली. सरकार हादरलं. २०१६ च्या जुलैमध्ये भारताने मोझांबिकशी करार केला. पहिल्या वर्षी एक लाख टन, मग दरवर्षी वाढवत २०२०-२१ पर्यंत दोन लाख टन डाळी त्या देशातून घ्यायच्या, यात मुख्य तूर. कल्पना चांगली होती. तिकडची तूर आपल्याकडच्या पावसाळ्याच्या शेवटी तयार होते, आपली येते डिसेंबर-जानेवारीपासून. मधले टंचाईचे महिने भरून निघतात. शिवाय मोझांबिकमध्ये लोकांच्या रोजच्या जेवणात तुरीला फारसं स्थान नाही, म्हणजे त्यांच्या तोंडचा घास आपण काढून घेतोय असंही नव्हतं.

पण २०१६ चा पाऊस चांगला झाला. वर्षभराच्या चढ्या भावाने शेतकऱ्यांनी भरपूर तूर पेरली होती. २०१६-१७ चं उत्पादन गेलं ४८ लाख टनांवर, जवळजवळ दुप्पट. पुढचं तुम्हाला आठवत असेल. हमीभाव बोनस धरून ५,०५० रुपये क्विंटल होता, मोंढ्यात भाव त्याच्या खूप खाली. खरेदी केंद्रांसमोर ट्रॅक्टरच्या रांगा, माप होत नाही, बारदाना संपलेला, शेतकरी पोत्यांवर झोपलेले. महाराष्ट्रात त्या उन्हाळ्यात तूर हा राजकारणाचा पहिला विषय होता.

ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. सरकारांमधल्या करारातला माल या मर्यादेतून वगळला होता. पण मोझांबिकचा शेतकरी करार वाचून पेरत नाही. त्याने आदल्या वर्षीचा भाव बघून पेरलं होतं, अगदी आपल्या शेतकऱ्यासारखंच. आफ्रिकेतली तूर कराराच्या आकड्याहून कितीतरी जास्त निघाली होती. मुख्य गिऱ्हाईकाने दार लावून घेतलं आणि तिकडे भाव कोसळला. घरात खायची सवय नाही, दुसरा मोठा ग्राहक नाही. मग त्या तुरीचं करायचं काय?

एका ओळीत सांगायचं तर त्या एका वर्षात लातूरचा शेतकरी आणि मोझांबिकच्या नांपुला प्रांतातला शेतकरी, दोघंही बुडाले, आणि दोघंही एकाच कारणाने बुडाले. भाव चढला की दार उघडायचं, भाव पडला की लावायचं. ग्राहकाला राजी ठेवण्यासाठी केलेलं हे धोरण दोन्ही टोकांच्या उत्पादकाला अंदाजच बांधू देत नाही.

मग २०२१ मध्ये परत टंचाईची चाहूल लागली, दार परत उघडलं. मोझांबिकशी करार आणखी पाच वर्षांसाठी, दरवर्षी दोन लाख टनांचा झाला. मलावीशी ५० हजार टनांचा, म्यानमारशी तूर आणि उडीद दोन्हींचा. २०२३ मध्ये मात्र उलटा अनुभव आला. मोझांबिकमधल्या निर्यातदारांचे आपसात वाद झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, माल नकाला बंदरात अडकून पडला आणि आपल्याकडे डाळ महागली. म्हणजे अवलंबून राहणं एकतर्फी नाही. आपणही त्यांच्यावर टेकलो आहोत. फरक इतकाच की, आपली तूर अडकली तर आपण मसूर खातो, म्यानमारकडे बघतो. त्याच्याकडे दुसरा पर्याय नसतो.

आणखी एक गोष्ट. येते ती अख्खी तूर. भरडणं, पॉलिश, पॅकिंग, हे सगळं इथे होतं. लातूरच्या दाल मिलना कच्चा माल मिळतो, कामगारांना काम मिळतं, यात वाईट काही नाही. पण काजूच्या वेळी जे दिसलं, तेच इथे परत दिसतं.

गोळी : इथे चित्र वेगळं का?

आता तिसरी वस्तू. ही सांगितली नाही तर चित्र अपुरं आणि थोडं अन्यायाचं होईल.

२००० च्या आसपास दक्षिण आफ्रिका खंडात एड्सने गावंच्या गावं रिकामी होत होती. मोझांबिकमध्ये आजही दर दहा प्रौढांमागे एकापेक्षा जास्त जण एचआयव्हीबाधित आहेत. औषध होतं, पण तीन औषधांच्या मिश्र उपचाराला एका रुग्णामागे वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर लागायचे. आफ्रिकेत ते कुणाला परवडणार?

फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी जाहीर केलं की हेच उपचार आम्ही स्वयंसेवी वैद्यकीय संस्थांना वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ. दिवसाला एका डॉलरहून कमी. जगभर खळबळ उडाली. पुढे तिन्ही औषधं एकाच गोळीत आली. आज या उपचाराचा वर्षाचा खर्च ५० डॉलरच्या आत आला आहे आणि आफ्रिकेतल्या रुग्णांना मिळणारी बहुतांश औषधं भारतीय कंपन्यांची आहेत. किती जीव वाचले असतील, विचार करा.

हे शक्य कसं झालं? नुसत्या दानतीने नाही. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधाच्या बाबतीत पदार्थावर पेटंट द्यायचं नाही, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर द्यायचं, असं ठरवलं. दुसऱ्या पद्धतीने तेच औषध बनवायला इथले रसायनतज्ज्ञ मोकळे झाले. तीसेक वर्षांत एक अख्खा उद्योग ते काम करत करत शिकला. वेगवेगळ्या कंपन्यांची पेटंट असलेली तीन औषधं एका गोळीत घालणं विकसित देशांत कायद्याने अवघड होतं, इथे सोपं होतं. म्हणजे एका विकसनशील देशाने आपल्या गरजेसाठी केलेला कायदा तीस वर्षांनी दुसऱ्या खंडाच्या कामी आला. २००५ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांमुळे आपल्यालाही पदार्थावर पेटंट द्यावं लागतं, ती वाट आता पूर्वीइतकी मोकळी राहिलेली नाही.

काजू-तुरीत आणि गोळीत फरक काय, तर गोळीच्या व्यवहारात घेणाऱ्याला अशी गोष्ट मिळाली जी त्याला दुसरीकडून परवडतच नव्हती, आणि तिने त्याचा माणूस कामावर परत उभा राहिला. याला विकास म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

पण इथेही डोळे उघडे ठेवू. २०२२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियामध्ये लहान मुलांच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन सुमारे ७० मुलं दगावली. जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या चार सिरपबद्दल इशारा दिला, त्यांत विषारी द्रव्य सापडल्याचं सांगितलं. भारतातल्या यंत्रणेने आपल्याकडचे नमुने ठीक असल्याचं म्हटलं. वाद काहीही असो, एक गोष्ट निर्विवाद आहे. गांबियाकडे आलेलं औषध तपासायला स्वतःची प्रयोगशाळाच नव्हती. जून २०२३ पासून भारताने खोकल्याचं सिरप निर्यातीआधी तपासणं सक्तीचं केलं. स्वस्त औषध हे मोठं उपकारक काम आहे, पण आपल्या माणसाने बनवलं म्हणून ते चांगलंच असेल, असं मानून चालत नाही. विश्वास हवा, आणि तो तपासायची सोयही हवी.

ब्राझीलने एक वेगळी वाट धरली. २००३ मध्ये ब्राझीलने मोझांबिकला सांगितलं की आम्ही नुसती औषधं पाठवणार नाही, तुमच्याकडे कारखाना उभारून देऊ, तुमची माणसं तयार करू. राजधानी मापुतोजवळच्या मातोला इथे तो कारखाना झाला. पण कामाला सुरुवात व्हायला २०१२ उजाडलं. जवळजवळ दहा वर्षं. यावरून काही लोक म्हणतात की बघा, फसलं. आम्हाला वाटतं, याचा अर्थ निराळा आहे. माल पाठवायला जहाज लागतं, कसब पाठवायला पिढी लागते.

कोळसा, जमीन, पूल

आता जरा भराभर पुढे जाऊ. याच नकाला बंदराकडे येणारी एक रेल्वे आहे, ती कोळसा आणते. मोआतिझेची ती खाण आणि हा मार्ग ब्राझीलच्या वाले कंपनीकडे होता. २०२२ मध्ये तिने तो भारतातल्या जिंदाल समूहातल्या कंपनीला विकला. उत्तरेकडच्या समुद्रातल्या नैसर्गिक वायूच्या एका मोठ्या क्षेत्रात भारतीय सरकारी तेल कंपन्यांचा मिळून ३० टक्के हिस्सा आहे. मापुतोच्या खाडीवरचा कातेंबेचा झुलता पूल २०१८ मध्ये खुला झाला. तो चिनी कंपनीने, मुख्यतः चिनी कर्जातून बांधला. मालक बदलतो, ब्राझीलऐवजी भारत, पोर्तुगालऐवजी चीन. खाणीजवळच्या माणसाला विचारायचा प्रश्न मात्र तोच राहतो: तुझ्या गावात यातलं काय थांबलं?

आणि कधी कधी ती माणसं हा प्रश्न स्वतःच विचारतात. नकालाच्या पट्ट्यात ब्राझील, जपान आणि मोझांबिक यांनी मिळून मोठ्या शेतीची 'प्रोसवाना' नावाची योजना आखली होती. ब्राझीलने आपल्या सेरादो माळरानावर सोयाबीनची जी क्रांती केली, ती इथे उतरवायची, अशी कल्पना. पण सेरादोत लोकवस्ती विरळ होती, नकालाच्या पट्ट्यात लाखो छोटे शेतकरी. २०१३ मध्ये त्यांच्या संघटनांनी तिन्ही देशांच्या प्रमुखांना खुलं पत्र लिहिलं की आमची जमीन जाईल, आम्हाला विचारलेलं नाही. योजना रखडत गेली आणि २०२० मध्ये ती गुंडाळण्यात आली. एका विकसनशील देशाचा यशस्वी नमुना दुसऱ्याला जसाच्या तसा बसतोच असं नाही, हा धडा त्यातून निघाला.

मग हिशोब कसा करायचा?

काही लोक सांगतात, दक्षिण-दक्षिण सहकार्य म्हणजे बंधुभाव. दुसरे म्हणतात, हा नवा वसाहतवाद. आपण मोझांबिकचं जे बघितलं त्यावरून दोन्ही विधानं आळशी वाटतात. एकाच देशाच्या एकाच बंदरात आपल्याला तोटा दिसला, फायदा दिसला आणि शिकणंही दिसलं. म्हणून कुठल्याही करारासमोर तीन प्रश्न ठेवावेत, असं आम्ही सुचवतो.

पहिला: मालाची कुठली पायरी कुठे होते? बी कुठे फुटते, तूर कुठे भरडली जाते, गोळी कुठे दाबली जाते? सगळं एकाच देशात होणार नाही, व्हायलाही नको. पण एकाकडे कायम पहिलीच पायरी येत असेल, तर प्रेबिश यांनी सांगितलेलं गणित लागू होतं, मग समोरचा देश श्रीमंत असो की गरीब.

दुसरा: नियम कोण बदलतं, आणि बदलण्याआधी कुणाला सांगतं? पेरणीच्या आधी कळलेली आयात मर्यादा म्हणजे माहिती. कापणीनंतर कळलेली म्हणजे संकट. यात आपल्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचं आणि नांपुलाच्या शेतकऱ्याचं हित एकच आहे, पण ते दोघं एकमेकांना प्रतिस्पर्धी समजतात.

तिसरा: व्यवहार संपल्यावर मागे काय उरतं? कसब उरतं का, प्रयोगशाळा उरते का, घासाघीस करायची ताकद उरते का? काजू फोडायची पद्धत उरली. मातोलाचा कारखाना उशिरा का होईना, उरला. २०१७ च्या तुरीतून काहीच उरलं नाही.

इथे एक प्रश्न नेहमी येतो: मग त्यांनी परत युरोपलाच विकावं का? नाही. एकाऐवजी चार गिऱ्हाईकं दारात उभी असणं हीच विकणाऱ्याची खरी ताकद. भारत, चीन, व्हिएतनाम, ब्राझील हे सगळे आले, म्हणून आफ्रिकेतल्या देशांना आज अट घालता येते. जगात सर्वांत जास्त कच्ची काजू बी पिकवणारा कोत दिव्हॉर आज बहुतांश बी व्हिएतनाम-भारताला पाठवतो, पण आपल्याकडे गर काढण्याचं प्रमाण वाढावं म्हणून निर्यात कर आणि सवलती दोन्ही वापरतो. तीस वर्षांपूर्वी मोझांबिकला हे करू दिलं नव्हतं.

आणखी एक आशेची खूण. १ जानेवारी २०२१ पासून आफ्रिका खंडाच्या स्वतःच्या मुक्त व्यापार करारानुसार व्यापार सुरू झाला. आफ्रिकी देशांचा आपसातला व्यापार अजून कमी आहे, पण त्या व्यापारात पक्क्या मालाचा वाटा, खंडाबाहेर जाणाऱ्या मालाच्या तुलनेत, बराच जास्त असतो. शेजाऱ्याला माणूस बहुधा तयार वस्तू विकतो. कच्चं सोनं लांबच्या सावकाराकडे जातं.

पुढच्या वेळी आपण कर्जाकडे वळू: विकसनशील देशांनी एकमेकांना दिलेलं कर्ज, आणि ते फिटलं नाही तर काय होतं, ते बघू. तोवर एक करा. किराणा दुकानात डाळ घेताना ती कुठली, हे विचारून बघा. दुकानदाराला बहुधा सांगता येणार नाही. पण तिच्या भावाशी दोन देशांतल्या दोन शेतकऱ्यांचं वर्ष बांधलेलं आहे, एवढं आपल्याला आता माहीत आहे.